एर्मेआजीची चूल

वाहाका प्रांताच्या डोंगरातलं सान मातेओ हे गाव. तिथं पोरगा झाला की त्याची नाळ गावातल्या साबिनोच्या झाडाच्या फांदीला बांधायची आणि पोरगी झाली की घरच्या चुलीखाली पुरायची, ही रीत. हे काम एर्मेआजीचं. सुईणपण करता करता आजी म्हातारी झाली, पण जीभ अजून तरणीताठी! साबिनो मात्र आजोबांच्या आजोबांनीसुद्धा म्हाताराच पाहिलेला.

आजीची एकुलती एक लेक सोलेदाद बाळंतपणाला शहराकडे नेताना वाटेतच गेली. तेव्हापासून गावच्या दवाखान्याला बाळंतिणीची खोली हवी म्हणून आजीनं सरकारदारी चपला झिजवल्या. अखेर खोली मंजूर झाली, आणि नकाशात ती नेमकी साबिनोच्या बुंध्यावर आली!

गावसभेत बाप्ये उसळले. गावप्रमुख फाउस्तिनो गरजला, "आमच्या नाळा आहेत त्या झाडावर! खोली गेली खड्ड्यात."

"वा रे वा! तुला कुठं बाळंत व्हायचंय?" आजी उठलीच. "झाडही राहील अन् खोलीही होईल. फिरवा तो नकाशा."

"फिरवू कुठं, आजी? दवाखान्याच्या पलीकडच्या अंगाला तुझं स्वयंपाकघर आहे."

"मला काय दिसत नाही होय? पाडा ते."

त्या चुलीखाली सोलेदादची नाळ होती. आजीची स्वतःचीही; ती याच घरात जन्मली, नवऱ्यालाच तिनं घरजावई करून आणलं होतं. रोज भाकरी थापताना ती लेकीशी बोलायची, हे गावातल्या बायकांना ठाऊक होतं. फाउस्तिनोची बायको तिथंच रडायला लागली.

गावकीच्या कामाला बाप्ये पहारी घेऊन आले. आजीनं त्या चुलीवर शेवटच्या मक्याच्या भाकऱ्या केल्या, सगळ्यांना पोटभर वाढल्या. मग चूल विझवून तिचे तिन्ही दगड स्वतःच्या हातानं काढले. धन्य ती बाई! डोळे पुसत म्हणते कशी, "मेला धूर!" धूर कुठला? राखसुद्धा गार झाली होती.

दगडांखालची माती शालीत घेऊन ती तडक साबिनोपाशी गेली.

"आजी," फाउस्तिनो चाचरला, "पोरींची नाळ इथं... रीत नाही आपली."

"बरं. मग माझी चूल दे परत."

फाउस्तिनो पहार बाजूला ठेवून गुडघ्यांवर बसला आणि मुळांना धक्का लागू नये म्हणून हातांनीच माती उकरू लागला.