आरओच्या नळीखालची बादली

जालन्याच्या स्टेशनवर आईने माझ्या सुटकेसला स्टीलची बादली बांधली, तेव्हा लाजेने मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. केंद्र सरकारच्या नोकरीवर रुजू व्हायला लखनऊला निघालेली मुलगी, अंगावर नवा ड्रेस, आणि सामानाला लोंबकळणारी बादली. मी म्हटलं, तिकडे बादल्या मिळतात. आईने सुतळीला आणखी एक गाठ मारली. माझे वडील, अण्णा, तेवढं एकच वाक्य बोलले, "जिथं जाशील तिथलं पाणी कुणाच्या वाट्याचं हाय, ते आधी बघ." गावात नळ आला तो आमच्या वस्तीत सगळ्यात शेवटी, त्यामुळे हे वाक्य आमच्या घरात नेहमीचंच होतं. गाडी हलली तेव्हा मी रडले ती घर सुटलं म्हणून की त्या बादलीपायी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुम्ही जे वस्तीतच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे सरकारी नोकरीच्या मागे भोपाळ-कानपूरला जाऊन पडलात, दोघांनाही हे सांगायचं आहे. कारण जे झालं त्यात निम्मा दोष आपल्या सवयीचा आहे. काही लिहून दिलं की काम होतं, असं आपल्याला शिकवलेलं आहे ना, त्या सवयीचा.

लग्नानंतर वृंदावन योजनेत, म्हणजे इथल्या एका सरकारी गृहवसाहतीत, आम्ही घर घेतलं. इथे घरोघरी बोअरवेलची सबमर्सिबल मोटर. शेजारच्या शुक्लाजींची टाकी रोज सकाळी भरून वाहते, पाणी भिंतीवरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून नालीत. पहिल्या वर्षी मी रोज जाऊन बेल वाजवायचे. "अरे बेटा, बहुत-बहुत शुक्रिया, अभी बंद करवाते हैं," शुक्लाजी म्हणायचे, आणि मोटर पुढे अर्धा तास चालूच. आपल्याकडे माणूस तोंडावर 'नाही करत, जा' म्हणतो आणि मग कुरकुरत करतो. इथे इतकं गोड बोलतात की भांडायलाही जागा उरत नाही. हळूहळू मी बेल वाजवणं सोडलं. वाहत्या पाण्याकडे न बघता स्कूटी बाहेर काढायला शिकले, आणि ह्यालाच मी रुळणं म्हणत होते.

मग शहराला हिरवं होण्याची हौस आली. आमच्या सेक्टरच्या पार्कमध्ये मांडव पडला, भाषणं झाली, फोटो निघाले आणि एका सकाळी पार्कभर रोपं लागली. घरोघरी एक चकचकीत पत्रक वाटलं गेलं. प्लास्टिक टाळा, कापडी पिशवी वापरा, असं सांगणारं ते पत्रक प्लास्टिकच्या पाकिटातून आलं. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्यात, असंही त्यात होतं. मी इमानेइतबारे दोन डबे ठेवले. गाडीवाला भैया दोन्ही डबे एकाच ढिगात उलटे करायचा. विचारलं तर हसून म्हणाला, "मैडम, आप लोग अलग रखिए, अच्छी आदत है."

दिवाळीपर्यंत पार्कमधली रोपं काड्या झाली. पाणी कुणी घालायचं हे पत्रकात नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी काय केलं, तर शहराच्या ॲपवर तक्रार केली. सगळ्या खड्ड्यांचे फोटो, सेक्टर, पार्क, आणि एक ओळ: सर्व रोपे वाळली आहेत, कृपया कारवाई करावी. उत्तर आलं नाही. ऑफिसात जशी स्मरणपत्रं पाठवते तशी दर महिन्याच्या एक तारखेला मी रिमाइंडर पाठवू लागले. जुनाच मजकूर कॉपी करायचा, पाठवायचा. हात आपोआप चालायचा.

त्याच हिवाळ्यात अण्णा गेले आणि मी आईला लखनऊला घेऊन आले. कायमचीच, असं मी मनात ठरवलं होतं, पण तिला तसं म्हणायची हिंमत झाली नव्हती. ती इथे टिकते की नाही, याचीच मला रात्रंदिवस काळजी. भाषा येईना, शेजारी जाईना, दिवसभर खिडकीत बसायची. त्या खिडकीतून शुक्लाजींची टाकी दिसायची. दोन दिवस तिने सहन केलं. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "ह्यांच्या घरी कुणी मेलंय का? पाणी बंद करायला बी माणूस नाही."

आणि मग तिला आमच्या किचनमधली आरओची नळी सापडली. एक ग्लास स्वच्छ पाण्यामागे त्याहून जास्त पाणी त्या नळीतून सिंकमध्ये जात होतं, आणि इतकी वर्षं मी ते जाऊ दिलं होतं. आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला लहानपणी फक्त कळशी सांडल्यावर मिळायची. तिने माळ्यावरून ती जुनी स्टीलची बादली काढली आणि नळीखाली ठेवली. उन्हाळा लागला तशी एसीच्या पाइपाखाली दुसरी आली. भाजी धुतलेलं पाणी, डाळतांदळाचं पाणी, सगळं जमा होऊ लागलं.

फ्रिजवर लावलेलं ते पत्रक ती चौथीपर्यंत शिकलेल्या डोळ्यांनी अक्षर अक्षर लावून वाचायची. "शॉवर की जगह बाल्टी से नहाएँ" इथे येऊन ती थांबली. "मग कशानं न्हात्यात ही माणसं?" माझी मुलगी मुक्ता हसून लोळली.

बादल्या भरल्या की आई पार्कात जायची. वाळलेल्या रोपांच्या बुडाशी नखाने साल खरवडून बघायची. आत हिरवं दिसलं तर तिथे पाणी. सहा रोपं तिने परत आणली. दोन कडुनिंब, दोन करंज, एक बहावा आणि बाकाजवळचं जांभूळ. जांभळाला तिने काठीचा आधार देऊन आपल्या निळ्या लुगड्याची चिंधी बांधली होती. मुक्ता, जी माझ्या मराठीला कायम हिंदीत उत्तर देते, ती संध्याकाळी "आजी, रुको, भारी वाली मैं उठाती हूँ" म्हणत मागे धावायची. पार्कमध्ये येणाऱ्या बायका आईला अम्माजी म्हणू लागल्या. आईच्या बोलण्यात 'अच्छा' आणि 'हाँ' येऊ लागलं. जून संपता संपता ती एकदा सहज म्हणाली, "जांभळाला फळ धरायला पाच-सहा वर्सं लागत्यात. बघू." पाच-सहा वर्षं. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. आई राहणार होती.

पाऊस स्थिरावल्यावर, ऑफिसात असताना मोबाइलवर मेसेज आला, "आपकी शिकायत का निस्तारण कर दिया गया है." म्हणजे आपल्याकडचं 'प्रकरण निकाली काढले'. सोबत फोटो. खरं सांगते, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. मी टेबलाशेजारच्या सहकाऱ्याला दाखवलंसुद्धा, की बघा, पाठपुरावा केला तर होतं. मग मी फोटो मोठा करून पाहिला. ओळीने सारख्या उंचीची नवीकोरी रोपं. बाकाजवळच्या खड्ड्यातही तसंच एक, आणि त्याच्या बाजूला चिखलात निळी चिंधी.

मी स्कूटी कशी चालवली ते आठवत नाही. ठेकेदाराचा सुपरवायझर अजून पार्कमध्ये होता. उपटलेली रोपं भरून ट्रॉली निघून गेली होती. "मैडम, आप ही की तो शिकायत थी," तो अगदी अदबीने म्हणाला. "सारे पौधे सूखे लिखे थे, तो सारे बदल दिए."

"छह पौधे हरे थे. आपको दिखा नहीं?"

"दिखा था, मैडम. लेकिन कागज़ में तो सूखे ही थे."

त्याच्यावर मी काय ओरडणार? तो कागद माझा होता. दर महिन्याच्या एक तारखेला, आई बादली घेऊन पार्काकडे निघत असताना, मीच सोफ्यावर बसून तो पुन्हा पुन्हा पाठवला होता.

आई बाकावर बसली होती. तिने त्यांना अडवलं होतं म्हणे, मराठीत. ते "हाँ अम्माजी, बिल्कुल अम्माजी" म्हणत राहिले आणि उपटत राहिले. तिने मला विचारलं, "अर्ज कुणी केला व्हता?"

मी म्हटलं, "मी."

तिने चिखलातली चिंधी उचलून झटकली. मग म्हणाली, "आपल्याकडं झाड पाण्यावाचून मरतंय, पोरी. इथं पाणी घातलेलं बी मारत्यात. मला गावाकडं नेऊन सोड."

मी खूप विनवलं. मुक्ता तर तिला बिलगून मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, नको ना जाऊ." आईने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि आठवड्याने मी तिला जालन्याला पोहोचवून आले. सामान बांधताना मी बादली तिच्या पिशवीला लावायला गेले. तिने सुतळी माझ्या हातातून काढून घेतली. "ती इथंच राहू दे. तिचं काम संपलं नाही."

मला राग कुणाचा येतो ते नीट सांगता येत नाही. पत्रकाचा येतो, शुक्लाजींचा येतो, त्या सुपरवायझरच्या गोड आवाजाचा येतो. सगळ्यात जास्त माझ्या नीटनेटक्या रिमाइंडरचा येतो. आईच्या हातात पाणी होतं आणि माझ्या हातात फोन. लखनऊने माझा फोन ऐकला.

आई दर रविवारी फोन करते. जय भीम झाल्यावर ती जेवण विचारत नाही, तब्येत विचारत नाही. "बादली भरली का?" एवढंच. पूर्वी कुणी घर कुठे म्हणून विचारलं की मी जालना सांगायचे. आता बादलीचा हा प्रश्न जिथे मला विचारला जातो तेच माझं घर, असं वाटतं. वृंदावन योजनेतल्या किचनमध्ये, आरओच्या नळीखाली, फोनमधून आईच्या वस्तीतल्या कोंबड्यांचा आवाज येत असताना.

आणि ॲप अजून विचारतंय, "क्या आप निस्तारण से संतुष्ट हैं?" हो किंवा नाही, एक बटण दाबायचं. 'नाही' दाबलं तर तक्रार पुन्हा उघडते, आणि उद्या कुणीतरी येऊन आहे ते उपटेल आणि नवीन लावेल. बाकाजवळच्या खड्ड्यातल्या रोपाला कालच दोन पानं फुटली आहेत. मी काहीच दाबत नाही. फोन ओट्यावर उपडा ठेवते आणि बादली उचलते.