हिरवा ठिपका

आमच्या कंपनीत मसुऱ्यासारख्या गावातून काम करणारा मी एकटाच. आमचा गट एक लायब्ररी बनवतो, म्हणजे इतरांच्या अ‍ॅप्सना इंटरनेटशी जोडून ठेवणारा तयार कोड. जोडणी असली की नावापुढे हिरवा ठिपका, तुटली की करडा. पण आमच्या घरी रेंज गेली तरी ठिपका बराच वेळ हिरवाच राहायचा. माणूस गायब, ठिपका ठणठणीत.

ही चूक मी कित्येक महिने चर्चेच्या पानावर मांडत होतो. पुण्याचे गटप्रमुख लिहायचे, "ही चूक नाही, सोय आहे. जरा रेंज गेली म्हणून ग्राहकाला कशाला घाबरवायचं?" बंगळूरची सहकारी लिहायची, "माझ्याकडे असं होत नाही." अगं बाई, तुझ्याकडे रेंज जातच नाही. शेवटी गटप्रमुखांनी फर्मान काढलं: सोमवारच्या बैठकीत ही चूक घडवून दाखव, नाहीतर तक्रार कायमची बंद. माझं डोकंच फिरलं. रेंज जाणं ही एकच गोष्ट मी या सगळ्यांपेक्षा जास्त जाणतो, आणि त्यातच मला खोटं पाडायला निघाले होते.

नेमका त्याच आठवड्यात गावात नवा टॉवर उभा राहिला. रविवारी देवळात गाऱ्हाणं घातलं. मानकऱ्यांनी हात जोडून सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या टॉवराची रेंज घराघरात पोचव रे म्हाराजा." प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं, आणि काय मागितलं जातंय याकडे कोणाचंच लक्ष नसतं. सवयीने माझाच आवाज सगळ्यात मोठा लागला. आपण काय मागून बसलो ते नंतर ध्यानात आलं.

आमचा देव एरवी निवांत काम करतो. या वेळी मात्र सोमवारी सकाळीच फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या. आमच्याच लायब्ररीवर चालणाऱ्या अ‍ॅपवर बैठक सुरू झाली. कॅमेरे आम्ही लावत नाही. नुसते आवाज आणि नावांपुढचे ठिपके. मी फोन घेऊन न्हाणीघरात गेलो, गोठ्यात गेलो, माळ्यावर चढलो. रेंज काही पाठ सोडेना. ओटीवरून बाबा माझी धावपळ बघत होते. म्हणाले, "अरे, बावीवरच्या पंपाच्या खोलीत जा. थंय अजून देव पोचूक नाय."

खरंच पोचला नव्हता. विहिरीजवळच्या त्या खोलीचं दार मी ओढून घेतलं आणि फोनवर दणक्यात सांगितलं, "आता माझा ठिपका बघा." मग नारळांच्या ढिगावर ऐसपैस बसून राहिलो. तिकडे सगळ्यांची तोंडं कशी झाली असतील, या विचाराने मला गुदगुल्या होत होत्या.

बाहेर आलो तेव्हा बैठक आटोपली होती. चर्चेच्या पानावर गटप्रमुखांनी लिहिलं होतं: "तक्रारदार बैठकीला शेवटपर्यंत हजर होते. तक्रार बंद करू का, असं पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांनी हरकत घेतली नाही. तक्रार बंद."

म्हणजे दार ओढताच रेंज गेली होती, ठिपका हिरवाच राहिला होता आणि माझी ती घोषणा फक्त नारळांनी ऐकली होती. मी आधी भडकलो. मग पायरीवर बसून एवढा हसलो की बाबा बघायला आले.

तक्रार पुन्हा उघडली आणि पुरावा म्हणून गटप्रमुखांचंच "शेवटपर्यंत हजर होते" हे वाक्य चिकटवलं. खाली लिहिलं, "हजर नव्हतो. पंपाच्या खोलीत होतो. तिथे रेंज नाही."

 मग बंगळूरच्या सहकारीने लिहिलं, "आज माझ्याकडेही असं झालं."