अप्पांचा होकार

बंगळूरला बसवनगुडीच्या बाजारात सोनचाफ्याची टोपली दिसली की मी अजूनही क्षणभर थांबते. माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, भिक्षू झाला त्या सकाळी विहाराच्या अंगणात हाच वास कोंदला होता. पन्नासचं दशक सरत आलं होतं.

दीक्षेआधी भिक्षुसंघ पाली भाषेत प्रश्न विचारतो. अण्णा ते घरी घोकायचा, त्यामुळे ऐकून ऐकून मलाही पाठ झाले होते. आईवडिलांची परवानगी आहे का, असा त्यात एक प्रश्न होता. मला धास्ती होती ती त्याचीच. आई रडून रडून शेवटी कन्नडमध्ये "सरी", म्हणजे बरं, म्हणाली होती. वडील, आमचे अप्पा, मात्र महिनाभर एवढंच म्हणत होते, "तुझं तू बघ."

तो प्रश्न आला. खोटं बोलणं अण्णाला जमलंच नसतं. मुंडण केलेलं डोकं वळवून त्याने मागे बसलेल्या अप्पांकडे पाहिलं.

अप्पांना पाली येत नव्हती, पण ती नजर त्यांना कळली.

"हो म्हण, मधू," ते म्हणाले.

"आम, भन्ते," अण्णाने होकार दिला.

मग त्याला नाव विचारलं. गुरूंनी दिलेलं नवं नाव त्याने सांगितलं, "मुदित." माझ्या शेजारी अप्पा ते नाव ओठांतल्या ओठांत पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते.

अप्पा हरले, असं तेव्हा मला वाटलं. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे गेले आहे. अण्णाचं मधू हे नाव त्यांनीच हौसेने ठेवलं होतं. त्या नावातून त्याला मोकळंही त्यांनीच केलं.