हक्क समितीचं हळदीकुंकू

हलव्याला काटा यायला थंडी लागते. त्या वर्षी बारामतीत ती अशी पडली होती की कालव्यावरचं धुकं सकाळी उठायलाच तयार नसायचं. ते अंगणात शिरायचं, तुळशीभोवती घुटमळायचं आणि जाताना गुऱ्हाळांचा गोड वास मागे ठेवून जायचं. त्या धुक्यात, मागच्या पडवीत शेगडीपुढे बसलेल्या वन्सं मला आजही दिसतात. परातीत तीळ, त्यावर चमचाभर पाक आणि बोटांची सावकाश फिरणारी टोकं. बघता बघता माझे डोळे मिटायला लागायचे, आणि उघडावेत तो तिळांना बारीक काटा फुटलेला असायचा.

माझा लग्नानंतरचा पहिला संक्रांतसण होता, आणि माझ्यासाठी हलव्याचे दागिने त्या करत होत्या. त्यांचा स्वतःचा पहिला सण झालाच नाही. त्यांना इंदापूरला दिलं होतं. लग्नाच्या वर्षीच दिवाळीनंतर नवरा तापानं गेला. त्या माहेरी परत आल्या त्या या पडवीतच बसल्या. पुढे सासूबाईही गेल्या, तेव्हा घर वन्संच्या हातात आलं. पण सणासमारंभाला त्या पुढच्या दारी कधी दिसायच्या नाहीत.

माझे सासरे वकील होते. अस्पृश्यता हा गुन्हा ठरवणारा कायदा नुकताच झाला होता, आणि कायदा झाला म्हणून तो माणसांच्या मनात उतरतो असं काही मामंजींना वाटत नव्हतं. म्हणून त्यांनी समिती काढली. तिला लांबलचक नाव होतं, पण गाव तिला 'हक्क समिती' म्हणायचं, थोडं कौतुकानं आणि जास्त चेष्टेनं. समितीत एक हेडमास्तर, माळेगावचे एक ऊसवाले आबा आणि बायकांच्या वतीनं मी. मला गप्प बसता येत नाही हे मामंजींना मनातून आवडायचं.

समितीचा पहिला कार्यक्रम सहभोजनाचा. तो पार फसला. गावातली मंडळी घरून पोटभर जेवून आली आणि शीत तोंडाला लावून पानावरून उठली. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली माणसं, ज्यांना गाव शिवत नव्हतं आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती भुकेली आली होती. तीही मग संकोचून अर्ध्या पानावरून उठली. मला इतका संताप आला की मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

पुढच्या बैठकीत मी म्हटलं, "संक्रांतीचं हळदीकुंकू करू. जेवण घरून उरकून येता येतं, पण कुंकू घरून लावून आलं तरी दुसरीचं बोट कपाळाला लागतंच."

आबा मांडीवर थाप मारून हसले. "सूनबाई, तुमी लई बेरकी हाय बगा!"

ठरलं. शाळेत जमायचं, करंडा एकच ठेवायचा आणि पहिलं कुंकू वस्तीतल्या सुभेदारीणबाईंच्या हातून लावायचं. वस्तीत त्यांचा शब्द चालायचा. समितीचे पुरुष दोनदा त्यांच्या घरी जाऊन आमंत्रण देऊन आले.

दवंडी आमच्या आळीतून गेली ती सकाळ मला आठवते. डफ आधी लांब वाजला, मग धुक्यातूनच हाक आली, "सगळ्या जातीच्या सगळ्या बायकांनी यायचं हो!" परातीतली वन्संची बोटं थांबली.

"वहिनी, सगळ्या म्हणजे?"

खरं सांगायचं तर समितीत हा विचारच कुणाच्या डोक्यात आला नव्हता, माझ्याही. हळदीकुंकू म्हणजे सवाष्णींचं, हे इतकं गृहीत होतं की गावाच्या जातीपाती मोडायला निघालेल्या आम्हाला घरातली विधवा दिसलीच नव्हती.

"विचारते," मी म्हटलं.

विचारलं. हेडमास्तर चष्मा पुसत राहिले. आबा छताकडे बघत बसले. मामंजी म्हणाले, "ते वेगळं प्रकरण आहे. एका वेळी एकच भिंत पाडावी."

"मग दवंडीत सगळ्या म्हणायचं नव्हतं!" मी म्हटलं. मामंजी उठून आत गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि पडवीकडे तर नाहीच.

वन्संना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पाकाकडे बघ, करपेल." थोड्या वेळानं म्हणाल्या, "हलव्याचे डबे घेऊन मी दारापर्यंत येईन. तेवढं चालेल ना?" मी उठून आडावर गेले आणि रडून घेतलं. किती थोडं मागत होत्या त्या, आणि तेही विचारून!

संक्रांतीच्या दुपारी मी काळी चंद्रकळा नेसले. वन्संनी हलव्याचा हार, बांगड्या, बिंदी एकेक करून दुरूनच माझ्या हातात दिली. घालायला आळीतली दुसरी सवाष्ण बोलावली. शाळेत कौलांतून उन्हाचे कवडसे पडले होते आणि त्यांत तिळाची धूळ तरंगत होती. दोन जाजमं अंथरली होती. गावातल्या बायका आपणहून एका जाजमावर बसल्या, वस्तीतल्या दुसऱ्यावर. मधली फरशी रिकामी राहिली.

मग सुभेदारीणबाई आल्या. उंच, ताठ बाई. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या मामंजींसमोर उभ्या राहिल्या, आणि सगळ्या शाळेनं बघितलं की त्यांच्या कपाळावर काही नव्हतं. सुभेदार लढाईत गेले त्याला कितीतरी वर्षं झाली होती. समितीचे पुरुष दोनदा त्यांच्या ओट्यावर बसून आले होते. पण परक्या बाईच्या तोंडाकडे बघायचं नाही या शिस्तीत त्यांनी जमिनीशीच सगळं बोलणं केलं होतं. सुभेदारीण आहे म्हणजे सुभेदार कुठंतरी पलटणीत असणारच, असं धरून सगळे मोकळे.

मामंजींचा चेहरा उतरला. बाईंना परत पाठवावं तर समितीनंच स्वतःचं नाक कापून घ्यायचं. करंडा हातात द्यावा तर निम्म्या बायका उठून जायच्या.

"वकीलसाहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "दवंडीत सगळ्या म्हनलं व्हतं. तुमी कपाळ बघूनच बोलावलं आसंल, आसं मला वाटलं. न्हाय बघितलं व्हय?"

मला हसू आवरलं नाही. गावच्या जाजमावरून तिघी-चौघी उठून चालत्या झाल्या. बाकीच्या बसून राहिल्या. पुढे काय होतं ते बघितल्याशिवाय त्यांना घरी चैन पडलं नसतं. मामंजींनी करंडा उचलला आणि बाईंपुढे धरला.

बाई मधली रिकामी फरशी ओलांडून माझ्याकडे आल्या. कुंकवाचं बोट वर झालं, आणि माझा हार बघून तिथंच थांबलं.

"आसा काटा म्या कुठं बघितला न्हाय. कुणी केला गं?"

मी दाराकडे बघितलं. उंबऱ्याबाहेर वन्सं डबे घेऊन उभ्या होत्या.

"कुणाची ती?"

माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं, पण जन्मात एकदा मी गप्प बसले. सगळ्या बायका मामंजींकडे बघत होत्या. ते म्हणाले, "माझी लेक." मग दाराकडे वळून म्हणाले, "दारात वारा लागतो बाळ. आत ये."

वन्सं आत आल्या. डबे खाली ठेवायचं त्यांना सुचेना, ते मी घेतले. बाईंनी विचारलं, "लावू?" वन्संनी डोळे मिटून मान डोलावली आणि बाईंचं बोट त्यांच्या कपाळाला लागलं. मग डोळे उघडून त्यांनी करंड्यात बोट बुडवलं आणि बाईंच्या कपाळाला लावलं.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. करंडा फिरत राहिला, कवडसे भिंतीवर चढत गेले, डब्यांतला हलवा संपला, आणि कोण कुठल्या जाजमावरची ते सांगता येईनासं झालं.

परतताना आम्ही दोघी कालव्याच्या कडेनं आलो. पाण्यावर पुन्हा धुकं धरत होतं. घर दिसायला लागलं तसा वन्संनी हात कपाळाकडे नेला.

"पुसू नका ना," मी काकुळतीनं म्हटलं.

"पुसत नाहीये गं," त्या म्हणाल्या. "आई गेल्यापासून तिथं कुणाचा हात लागला नव्हता. केवढं ऊन बोट होतं त्या बाईंचं!"