निरगुडीची फांदी
निरगुडीचा पाला कुणी चुरगळला, की तो उग्र वास मला थेट त्या खिंडीत नेऊन उभा करतो. मी आणि माझा मामेभाऊ सायकली हाणत नदीकाठानं खिंडीकडं निघालो होतो. चढ असे, की घोरपडीनंसुद्धा मधे बसून तंबाखू मळावी. खिंडीच्या डोक्यावर पोचलो तेव्हा पाऊस उघडला होता आणि खाली डिंगोरे गावाकडचं खोरं ताटात वाढल्यासारखं दिसत होतं. आमच्याकडं ओल्या उतारावर ब्रेकचा भरवसा कुणी धरत नाही. मागं निरगुडीची फांदी बांधायची आणि ती फरफटत उतरायचं, म्हणजे सायकल आवरते. मी दोन फांद्या तोडल्या. तो आपल्या नव्या गिअरच्या सायकलवर बसून हसला. "भाऊ, ही सायकल हाय का म्हैस? शेपूट कशाला लावतो?" "बांध राव, लई निसरडं हाय." "तू रस्ता झाडत ये. मी खाली जाऊन दोन चहा सांगतो." आणि तो सुटला. मी पाल्याचा वास घेत हळूहळू उतरलो. तिसऱ्या वळणावर चिखलातली त्याच्या चाकाची रेघ वळलीच नव्हती, सरळ कड्याच्या टोकापर्यंत गेली होती. खाली खडकावर सायकल पडली होती, तिच्यापलीकडं तो, आणि मी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या तरी त्यानं ओ दिली नाही. एरवी मी एका बिबट्याचे चार करून सांगतो. ही गोष्ट मात्र कमी करून सांगतो. कुणी विचारलंच, तर सांगतो, त्या वाटेला मी एकटाच गेलो होतो.