चाचांनी दाखवलेली खूण

आमच्या शहादा तालुक्यात सूर्याच्या खालोखाल उष्णतेतलं कुणाला कळत असेल, तर ते तेलमिलमधल्या चाचांना. घाण्यात जाण्याआधी शेंगदाण्याचा कूट मोठ्या भांड्यात वाफेवर शेकला जाई. कमी शेकला तर तेल सुटत नसे, जास्त शेकला तर काळं पडे. चाचा मूठभर कूट दाबायचे, डोळे मिटायचे आणि वाफेची चावी फिरवायचे. त्या उजव्या हाताची बडदास्त जावयासारखी चाले. थंडीत त्याला फडकं गुंडाळलेलं असे, आणि कामाच्या पाळीआधी कुणी हात मिळवायला गेलं तर चाचा डावा कोपर पुढे करत. एकदा शेठजींना ताप आला. डॉक्टर थर्मामीटर झटकून "उतरतोय" म्हणाले. चाचांनी कपाळावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "आजून कच्चा शे. ताप वाढी." संध्याकाळी वाढलाच. तेव्हापासून डॉक्टर चाचांना पाहून रस्ता बदलत.

साठ सालानंतर शेठजींनी मुंबईहून वाफेचं नवं यंत्र आणलं. तबकडीवरचा काटा खुणेपाशी पोचला की वाफ आपोआप बंद. पण खूण कुठे करायची, हे टाय लावून आलेल्या इंजिनिअरलाही ठाऊक नव्हतं, म्हणून तो लाल पेन्सिल घेऊन तीन दिवस चाचांशेजारी बसला. खूण झाली की हाताचं काम संपलं, हे शेठजींनी सरळ सांगितलं होतं. मी तिथला कारकून. न राहवून चाचांच्या कानाशी लागलो, "चाचा, खूण जराशी आलीकडे सांगा. तेल बिघडी, यंत्र माघारी जाई."

चाचा माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "मन्हा हात आजलगून खोटं बोलना नही, भाऊ. आते त्याले खोटं बोलाले शिकाडू का?"

तिसऱ्या दुपारी त्यांनी मूठ दाबली, बराच वेळ डोळे मिटले आणि हलकेच म्हणाले, "आठेच." काटा होता तिथेच इंजिनिअरने रेघ ओढली.

तेल उत्तम निघालं. चाचांना फाटकावर राखणीला बसवलं. मुंबईला पाठवायच्या कागदात "जुळणी कोणी केली" असा रकाना होता. शेठजींनी सांगितलं तसं मी वळणदार अक्षरात इंजिनिअरचं नाव लिहिलं. आजही त्याची मला लाज वाटते. कागद टपालात टाकायला निघालो, तर फाटकावर चाचांनी विचारलं, "काय लिखं, भाऊ?"

"यंत्र बरोबर चाली ऱ्हायनं, आसं लिखं."

"मंग बरं व्हयनं," चाचा म्हणाले, आणि उठून त्यांनी मला फाटक उघडून दिलं.