रोलरपुढची दांडी

आमच्या लॉन्ड्रीचा सुपरवायझर आज रोलरच्या इस्त्रीपुढे उभा राहून स्वतःची बोटं निरखत होता. बघून माझ्या जिवाला गार वाटलं.

त्या रोलरपुढे एक दांडी आहे. चादरीबरोबर हात आत जायला लागला, की ती ढकलली जाते आणि मशीन थांबतं. "सारखा खोळंबा होतो," म्हणत यानेच ती सुतळीने वर बांधून ठेवली होती. मग सुरकुती सरळ करताना माझी दोन बोटं भाजली, तेव्हा म्हणाला, "बाई, लक्ष कुठं असतं तुमचं?"

जखम भरली. ते वाक्य अजून ठसठसतं. ओल्या चादरीतलं पाणी रोलरखाली वाफ होऊन उडून जातं, पण राग उडत नाही. दाबला की खळ दिल्यासारखा कडक होतो.

कामावर परतल्या परतल्या मी ती सुतळी कापली. आज हा घाईत स्वतःच चादर सारायला गेला, बोटं दांडीवर आपटली आणि रोलर थांबला.

"साहेब, लक्ष कुठं असतं तुमचं?" मी विचारलं.

त्याची दहाही बोटं शाबूत आहेत. माझ्यामुळे आहेत, हे त्याला जन्मभर खुपू दे.